आधी वैरण, मग गाय

२०२४ च्या सुरुवातीला मदर डेअरीनं नागपुरात सुमारे ५२५ कोटी रुपये गुंतवून नवा दूधप्रकल्प उभारण्याचं जाहीर केलं. क्षमता रोज सहा लाख लिटर, पुढे दहा लाखांपर्यंत वाढवता येईल अशी. विदर्भात दुधाचा एवढा मोठा कारखाना येतोय म्हटल्यावर टाळ्या पडणारच, आणि पडायलाही हव्यात. पण हा सहा लाखांचा आकडा कारखान्याच्या फाटकातून न मोजता एकदा गोठ्यातून मोजून पाहू.

एक दुभती संकरित गाय दिवसाला सरासरी आठ लिटर देते असं धरलं (नागपूरच्या उन्हात हे धरणं जरा उदारच आहे) तर ७५ हजार गाई रोज दुधात असायला हव्यात. गाईमागे २५ किलो हिरवा चारा म्हटलं तर रोजचा १,८७५ टन, वर्षाचा पावणेसात लाख टनांच्या वर. भाकड जनावरं, गाभण गाई, कालवडी यांनाही पोट असतं, म्हणून हे दुप्पट करा. संकरित नेपियर गवताचं पाणी असलेल्या जमिनीत एकरी ७० टन उत्पादन धरलं, तर जवळपास वीस हजार एकर ओलिताची जमीन वैरणीखाली लागेल.

वीस हजार एकर ऐकून घाबरायचं कारण नाही. दूध काही एकट्या नागपूर जिल्ह्यातून यायचं नाही. पेंचचा कालवा रामटेक, पारशिवनी, मौद्याकडून फिरतो, गोसीखुर्दचं पाणी कुही-भिवापूरच्या उशाला आहे. जमीन सापडेल. पण ती कोण देणार, कुणाच्या भरवशावर देणार आणि गवत विकत कोण घेणार, हे प्रश्न दूध वाढवण्याच्या बैठकांत क्वचितच कुणी काढतं. तिथे चर्चा असते ती गाईंची: किती वाटायच्या, कुठून आणायच्या, अनुदान पन्नास टक्के की पंचाहत्तर.

माझं म्हणणं सरळ आहे. नागपूरच्या आसपासच्या लहान शेतकऱ्याच्या हाती दुधातून पैसा उरायला हवा असेल, तर सरकारनं जनावरं वाटणं काही वर्षं थांबवावं आणि तो पैसा वैरण हे विकता येणारं, विकत घेता येणारं पीक व्हावं यासाठी खर्च करावा. दुधाच्या उत्पादन खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा आणि वैरणीचा असतो. खर्चाचा एवढा मोठा भाग बाजूला ठेवून फक्त गाय बदलायची, तर गाय जास्त दूध देईल, जास्त खाईल आणि घरात पूर्वीइतकाच पैसा राहील. कधी त्याहून कमी.

विदर्भात वैरणीची टंचाई मुळापासून नव्हती. एके काळी इथल्या शेतात कापसाच्या जोडीला ज्वारी असायचीच. ज्वारी माणसाला भाकर द्यायची आणि जनावराला कडबा. गावाच्या कडेला कडब्याच्या गंज्या उभ्या असायच्या आणि उन्हाळा त्यावर निघायचा. १९८० नंतर सोयाबीन आलं आणि बघता बघता पसरलं. शेतकऱ्याचं त्यात काही चुकलं नाही. ज्वारीला भाव नव्हता, पाखरं राखायला घरात पोरं उरली नव्हती, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला होता, आणि सोयाबीन शंभर दिवसांत रोख पैसा देत होतं. पण त्या बदलात कडबा गेला, हे कुणी हिशेबात धरलं नाही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, गाय नाइलाजानं खाते. तेही आता हार्वेस्टरमुळे शेतातच विखरून पडतं आणि पुष्कळ ठिकाणी पेटवलं जातं. पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, तीच गत. कापसाची सरकी आपली, तिची ढेप इथल्याच तेलघाण्यांतून निघते, पण ढेपेचा भाव कापूस उत्पादकाच्या हातात नाही आणि गाय पाळणाऱ्याच्या तर नाहीच.

मग चारायला सोडायचं, तर कुठे? पूर्वी सकाळी गावाबाहेरच्या आखरावर गावचं गोहन, म्हणजे सगळी गुरं, जमायचं आणि गुराखी ते रानात न्यायचा. पूर्व विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोवारी समाजानं केलं. नागपूरकरांना हा समाज आठवतो तो २३ नोव्हेंबर १९९४ मुळे. अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी विधानभवनावर आलेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. शहरात त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. ज्या गायरानांवर त्यांचं पोट होतं ती मात्र अतिक्रमणात, घरकुलांत, नाहीतर बाभळीत गेली. जंगलाकडे गुरं न्यावीत तर पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या काठच्या गावांत वाघाची भीती खोटी नाही. म्हणजे फुकटची चराई संपली आणि विकतची वैरण सुरूच झाली नाही. या मधल्या पोकळीत आपण गाई वाटतो आहोत.

पश्चिम महाराष्ट्रातले मित्र यावर एक ठरलेलं वाक्य ऐकवतात, की तुमच्याकडच्या माणसाला गोठ्यात राबायची सवय नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर एकदा द्यायला हवं. कोल्हापूरच्या गोठ्यामागे गोकुळची १९६३ पासूनची संघटना आहे, हे खरंच. पण तिच्यामागे ऊसही आहे. तोडणीच्या हंगामात महिनोन्‌महिने उसाचं वाढं जवळजवळ फुकट मिळतं. हिरवं खाद्य दारात असेल तर गाय पाळायची सवय लागते. ऊस आणि कालवा बाजूला काढून, एप्रिलमध्ये कुटारावर गाय जगवून दाखवा, मग सवयीबद्दल बोलू.

जनावरं वाटून पाहिलं नाही असंही नाही. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलडाणा आणि आपल्या शेजारचा वर्धा. त्यात दुधाळ गाई अनुदानावर देण्याचा भाग होता. कोरडवाहू कापसाच्या घरात जर्सी नाहीतर होल्स्टीन गाय आली. तिला रोज हिरवा चारा हवा, खुराक हवा, भरपूर पाणी हवं, मे महिन्यात सावली आणि गारवा हवा. घरातल्या माणसांना यातलं काय मिळत होतं? अनेक घरांत गाय माणसांपेक्षा जास्त खाऊ लागली आणि विकली गेली. वीस वर्षांनंतरही आपला धडा तोच आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, १४९ कोटी रुपये आणि १९ जिल्हे अशा पसाऱ्यात, वैरण, मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा), कडबाकुट्टी यांना जागा मिळाली आहे हे चांगलंच. पण अनुदानावरची गाय त्याच यादीत आहे, आणि अशा यादीतली कुठली ओळ आधी संपते हे गावातल्या कुणालाही विचारा. गाय वाटताना मंडप घालता येतो, फोटो निघतो. मुरघासाच्या पिशवीला हार कोण घालणार?

आता थोडा गोठ्यातला हिशेब. आठ लिटरच्या गाईला स्वतःच्या शरीरासाठी दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम असा पावणेपाच किलोच्या आसपास खुराक (ढेपेसारखं विकतचं खाद्य) लागतो. खुराक ३० रुपये किलो धरला तर १४० रुपये झाले. दूध ३२ रुपयांनी गेलं तर २५६ आले. उरलेल्या ११५ रुपयांत कुटार, औषधं, रेतनाचा खर्च, भाकड काळाची भरपाई आणि घरातल्या माणसाची मजुरी. गाईपाठी दिवसाला तीन-चार तास राबणाऱ्या माणसाला रोजगार हमीची मजुरीसुद्धा यातून निघत नाही. आता हीच गाय ठेवा आणि तिला वीस किलो बरसीम किंवा लसूणघास द्या. दहा किलो द्विदल चारा साधारण एक किलो खुराक वाचवतो, म्हणजे दोन किलो वाचले, साठ रुपये. चारा पिकवायला किलोमागे दीड रुपया गेला असं म्हणू, तर तीस रुपये. दिवसाला तीस रुपये हाती राहिले, महिन्याला नऊशे. गाय तीच, दूधही तेवढंच.

याहून मोठी गळती वेतात, म्हणजे एका विण्यापासून पुढच्या विण्यापर्यंतच्या काळात आहे, आणि ती दिसत नाही म्हणून तिच्यावर कुणी बोलत नाही. एका वेतात २,४०० लिटर देणारी गाय तेरा महिन्यांनी पुन्हा व्यायली तर वर्षाला सरासरी २,२०० लिटर पडतात. तीच गाय दोनदा उलटली (रेतन करूनही गाभण राहिली नाही), माज हुकला आणि अठरा महिन्यांनी व्यायली, तर वर्षाला १,६०० लिटर. सहाशे लिटरचा फरक म्हणजे वर्षाला अठरा-एकोणीस हजार रुपये, एका गाईमागे. गाय फळत नाही म्हटलं की आपण रेतन करणाऱ्याला शिव्या देतो. त्याचं चुकत असेलही, पण वाळलेल्या, खनिजांची कमतरता असलेल्या गाईला माजच नीट येत नाही. म्हशीचा तर उन्हाळ्यात मुका माज असतो, पाहणाऱ्याला कळतही नाही. हा प्रश्नही फिरून वैरणीपाशीच येतो. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो उपयोगाचा आहे. भुकेल्या जनावरापुढे डॉक्टर तरी काय करणार?

मग वैरण पिकवत का नाहीत? दोन एकरांचा माणूस एका गाईसाठी पाच गुंठे नेपियर लावतोही. पण दुसऱ्यासाठी वैरण पिकवायची तर ती कोण घेणार, कुठल्या भावानं, पैसे कधी, हे त्याला कळलं पाहिजे. सोयाबीनचं त्याला कळतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एकरी सहा क्विंटल धरले तर ३२ हजार, तेही हमीभाव खरोखर पदरात पडला तर. त्याच एकरात चाऱ्याचा मका लावला, सोळा टन झाला आणि उभं पीक दोन रुपये किलोनं गेलं तरी तेवढेच ३२ हजार. पीक ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत शेताबाहेर, कापणीचा खर्च घेणाऱ्याचा, आणि रब्बीच्या हरभऱ्याला रान लवकर मोकळं. दोन्हींत फरक एकच. सोयाबीन घेणारा अडत्या प्रत्येक बाजारपेठेत बसलेला आहे. चाऱ्याचा मका घेणारा कुणी नाही.

सरकारनं आणि डेअऱ्यांनी हा घेणारा उभा करावा. मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, हवा राहणार नाही असा दाबून पिशवीत भरायचा. दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि पिशवी फुटली नाही तर वर्षभर टिकतो. यात अवघड असं काही नाही. पण कापणीचं आणि गाठी बांधायचं यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. आठ-दहा गावांमागे एक यंत्र, ते चालवायला बचत गट किंवा शेतकरी कंपनी, आणि मुरघासाची विक्री थेट दूध संकलन केंद्रावर. दूध घालायला आलेल्या बाईनं परत जाताना पिशवी न्यावी आणि पैसे दहा दिवसांच्या बिलातून वळते व्हावेत. अनुदान द्यायचंच असेल तर गाईच्या खरेदीवर नको, केंद्रावर पोचलेल्या मुरघासाच्या टनामागे द्या. म्हणजे पैसा खर्च झाला की वैरण आली, हे वजनकाट्यावर दिसेल. गाय खरेदीच्या अनुदानाची गोष्ट वेगळी आहे. त्यात दलाल, वाहतूक आणि कागदावरचं वय यांतच निम्मा जीव जातो.

तणस आणि कुटाराचंही तसंच. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, झाकून तीन आठवडे ठेवायचं. तणस मऊ होतं, प्रथिनं वाढतात. मात्रा चुकली तर जनावर दगावू शकतं, म्हणून पहिल्यांदा कुणीतरी जाणत्यानं उभं राहून दाखवायला हवं. पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे, इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे. तरी महाविद्यालयाच्या सेमिनरी हिल्सपासून तासाभराच्या गावांत ही साधी रीत पोचत नसेल, तर ते काम आता विद्यापीठावर न सोडता दूध गोळा करणाऱ्यांच्या माणसांनी केलेलं बरं. ते रोज दारात येतात.

म्हशीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय विदर्भाचा होत नाही. आपली नागपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब मागे वळलेल्या शिंगांची, दूध कमी देते, पण त्याचं फॅट सातच्या पुढे जातं. जाडाभरडा चारा गाईपेक्षा चांगला पचवते. उन्हात तिला डुंबायला पाणी किंवा अंगावर फवारा लागतो हे खरं, पण मे महिन्यात ४५ अंशांत धापा टाकणाऱ्या होल्स्टीनपेक्षा तिची निगा स्वस्त. वर्ध्याकडची गवळाऊ गाय काटक आहे, पण ती मुळात कामाची जात. तिच्याकडून डेअरी चालवण्याइतकं दूध मागणं अन्याय होईल. तर मग धोरण कुणाकडे बघतं? २०२४ मध्ये राज्यानं दुधाला आधी लिटरमागे ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं, ते फक्त गाईच्या दुधाला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या घन पदार्थांच्या) हिशेबानं, आणि तेही डेअरीला दूध घालणाऱ्याला. जनावराच्या कानात बिल्ला हवा, नोंद ऑनलाइन हवी, खातं जोडलेलं हवं. चार म्हशींचं दूध गावातल्या हॉटेलाला घालणाऱ्या कुहीच्या माणसाला यातलं काहीच लागू नव्हतं. अतिरिक्त दुधाचा प्रश्न नगर-पुण्याचा होता, उपाय राज्यभर झाला.

आणि गोऱ्ह्यांचं काय, हेही विचारायला हवं. मार्च २०१५ च्या दुरुस्तीनंतर राज्यात गोवंशहत्या पूर्णपणे बंद आहे. कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध माझं मत इथे महत्त्वाचं नाही. हिशेब एवढाच आहे की संकरित गोऱ्हा शेतीला चालत नाही, विकला जात नाही, आणि लहान शेतकरी त्याला पोसू शकत नाही. रात्री शेतात शिरणारी मोकाट गुरं यातूनच वाढतात. लिंगनिर्धारित रेतमात्रेनं दहांत नऊ कालवडी होतात. ज्या सरकारनं विक्रीची वाट बंद केली त्यानं ही मात्रा गावात स्वस्तात आणि वेळेवर पोचवावी, हे मागणं फार नाही. म्हशीला ही बंदी लागू नाही, म्हणून भाकड म्हशीला अजून किंमत येते. अडीअडचणीला विकता येणारं जनावर गरिबाच्या घरात किती कामाचं असतं, हे धोरण लिहिणाऱ्यांना सांगावं लागतं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. तो असा की बाजार आधी लागतो. दुधाला खात्रीचं गिऱ्हाईक आलं की शेतकरी वैरणीची सोय आपली आपण करतो, अमूलच्या आणंदला १९४६ पासून तेच झालं. यात तथ्य आहे. २०१६ नंतर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रकल्पातून गावागावांत संकलन सुरू झालं, पैसे थेट खात्यात येऊ लागले, खासगी खरेदीदारालाही भाव सांभाळावा लागला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाजारानं शेतकरी शहाणा होतो तो स्वतःच्या जमिनीपुरता. दूध हा धंदा भूमिहीनांचाही आहे. एक म्हैस बाळगणाऱ्या आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून गवत आणणाऱ्या बाईला बाजार कितीही जवळ आला तरी वैरण उगवायला जागा नाही. तिला विकतच घ्यावी लागणार. नागपूर शहरातला गवळी हेच करतो. कुटार, ढेप, गवत, सगळं रोखीनं घेतो, अनुदान नाही, कर्जमाफी नाही, तरी त्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, कारण तो म्हशीचं ताजं दूध थेट गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओततो. गिट्टीखदानातून १९३२ मध्ये सुरू झालेल्या दिनशॉजचीही सुरुवात दुधाच्या लहानशा धंद्यापासूनच होती. विकतच्या वैरणीवर धंदा होतो. फक्त वैरण विकत मिळाली पाहिजे आणि फॅटचा पैसा पूर्ण पदरात पडला पाहिजे.

हा दुसरा भाग संकलन केंद्रावरच्या यंत्रावर अवलंबून आहे. फॅट मोजायचं यंत्र एका पॉइंटनं खाली लावलं तर शेतकऱ्याला कळतही नाही, आणि महिन्याची कमाई तिथेच संपते. यंत्राचा पडदा दूध घालणाऱ्याकडे वळलेला असावा आणि वजन-मापवाल्यांची तपासणी आधी न सांगता व्हावी.

गोठ्यातलं काम कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेण, पाणी, धार, भारा डोक्यावर आणणं, सगळं बाईकडे. डेअरीचं खातं मात्र बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर. भाऱ्यासाठी जाणारे तास मुरघासानं वाचतील. पण खात्यावरचं नाव बदलायला कुठलंही यंत्र लागत नाही. नव्या सभासदाचं खातं बाईच्याच नावावर, असा नियम प्रकल्पानं उद्या केला तरी चालेल.

राहता राहिला तो शेतकरी, ज्याच्याकडे विहीर आहे, तीन एकर ओलीत आहे, पण पोरं बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत गेली आहेत आणि घरात दोन म्हातारी माणसं आहेत. आजच्या योजनेत त्यालाही गाय मिळेल आणि ती वर्षभरात विकली जाईल. त्यानं गाय घेऊच नये. त्यानं जूनमध्ये मका आणि रब्बीत बरसीम लावावं आणि शेजारच्या गावातल्या चार म्हशीवाल्यांना विकावं. त्याचं उत्पन्न वाढेल आणि त्यांचंही, पण अनुदानाच्या अर्जात या माणसासाठी रकाना नाही. दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे संपायच्या आत तो रकाना छापून घ्यावा.